न्यायालयाचा बेलीफ (हुकूम बजावणारा कर्मचारी) कर्जवसुलीसाठी जप्तीचं वॉरंट घेऊन आला, तर

वॉरंटवर आधी न्यायालयाचं नाव आणि दरखास्तीचा, म्हणजे वसुलीसाठी समोरच्याने केलेल्या अर्जाचा, क्रमांक पाहा. नवी मुंबईत वाशी-नेरूळचा दावा बेलापूरला चालतो. खारघर, कामोठे रायगड जिल्ह्यात, म्हणून तिथला पनवेलला. त्याच दिवशी हुकूमनामा (पैसे देण्याचा न्यायालयाचा आदेश), निकालपत्र आणि समन्स बजावणीचा अहवाल, तिन्हींच्या नकलांसाठी अर्ज टाका.

खरी मेख बहुधा त्या अहवालात असते. कर्जाच्या कागदांवर कळव्याचा जुना पत्ता, राहायला तुम्ही ऐरोलीला; समन्स जुन्या दाराला डकवलं जातं आणि एकतर्फी हुकूमनामा होतो. तो रद्द करून घेण्याची मुदत 30 दिवस: एरवी हुकूमनाम्याच्या तारखेपासून, समन्स नीट बजावलं गेलं नसेल तर तो कळल्यापासून. म्हणून वॉरंट मिळाल्याची तारीख लिहून ठेवा. अर्जाला त्या काळातला भाडेकरार, वीजबिल, सोसायटीचं पत्र जोडा. बजावणीत नुसती तांत्रिक चूक असून चालत नाही. दावा वेळेत ठाऊक होता असं दिसलं, तर अर्ज फेटाळला जातो. अर्ज दिला म्हणून जप्ती थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते. न्यायालय काही रक्कम भरायला सांगू शकतं, तेवढी तयारी ठेवा.

देणं खरंच असेल तर तडजोड करा, पण पैसे देताना फार जपा. वसुली एजंटाच्या हातात रोख कधीच देऊ नका. न्यायालयात भरा, किंवा बँकेतून देऊन दरखास्तीत त्याची नोंद करून घ्या. समोरच्याने नोंद केली नाही, तर पैसे दिल्यापासून 30 दिवसांत तुम्हीच अर्ज द्या. नोंद नसलेला भरणा दरखास्त चालवणारं न्यायालय धरत नाही, आणि तीच रक्कम पुन्हा वसूल होते. हुकूमनाम्यानंतर हप्ते हवे असतील, तर धनकोची (ज्याचं देणं आहे त्याची) संमती लागते.

पगारातले पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. हिशेबात धरायचा पगार 40,000 असेल, तर कापता येतात 13,000, तेही एका हुकूमनाम्यासाठी एकूण 24 महिनेच. भविष्य निर्वाह निधी, आयुर्विम्याची रक्कम, अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची अवजारं यांना हात लागत नाही. बेलीफ जप्तीच्या यादीत ती लिहू लागला, तर लगेच लेखी हरकत घ्या.

अटकेची धमकी फोनवर सर्रास दिली जाते. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक होत नाही. पुरुषालाही, ऐपत असून पैसे बुडवतो आहे असं सिद्ध झाल्याशिवाय सहसा तुरुंगात टाकत नाहीत. नोटीस आली तर मात्र पगारपत्रक आणि बँकेचा उतारा घेऊन हजर राहा. गैरहजर राहिलात तर अटकेचं वॉरंट निघू शकतं.

वकील परवडत नसेल, तर दावा चालतो त्या जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे (मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी संस्था) अर्ज करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्नाची अट नाही.