ऑस्ट्रेलियाचा पार्टनर व्हिसा: मित्र-नातेवाइकांची पत्रं कशी लिहून घ्यावीत

‘दोघांचं एकमेकांवर खूप प्रेम आहे, दोघंही चांगल्या घरातले आहेत.’ पार्टनर व्हिसासाठी (ऑस्ट्रेलियात राहणाऱ्याच्या जोडीदाराला मिळणारा व्हिसा) नातं खरं असल्याचं सांगणारी पत्रं जोडतात. त्यांत हे वाक्य हमखास सापडतं आणि त्याने काहीही सिद्ध होत नाही. अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याने तुम्हाला कधी पाहिलेलं नसतं. लिहिणाऱ्याने काय पाहिलं, ते त्याला हवं असतं.

आधी माणसं ठरवा. अशा पत्रांसाठी ‘फॉर्म ८८८’ हा सरकारी नमुना असतो आणि तो किमान दोघांकडून भरून घ्यायचा. भरणारा १८ वर्षं पूर्ण झालेला, ऑस्ट्रेलियाचा नागरिक किंवा पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) असलेला आणि तुम्हा दोघांनाही ओळखणारा हवा (न्यूझीलंडचे पात्र नागरिकही चालतात). मोठ्या हुद्द्याची तोंडओळख शोधत बसू नका. तुमच्याकडे येऊन-जाऊन असलेली शेजारीण कितीतरी बरी. तिच्या नागरिकत्वाचा किंवा पीआरचा पुरावा सोबत जोडा.

आईबाबा साताऱ्यात असतील तर हा फॉर्म त्यांच्यासाठी नाही. त्यांनी साधं पत्र लिहावं, खाली सही, तारीख आणि पत्ता द्यावा. इंग्रजीसाठी अडून बसायला नको. आईला मराठीतच मोकळेपणाने लिहू द्या आणि इंग्रजी भाषांतर जोडा. भाषांतर ऑस्ट्रेलियात करणार असाल तर ‘नाटी’ (NAATI) या तिथल्या भाषांतरकारांना मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता असलेला भाषांतरकार लागतो. भारतात केलं तर भाषांतरकाराचं नाव, पत्ता, फोन, पात्रता आणि अनुभव इंग्रजीत नमूद करा.

आता मजकूर. अधिकारी नातं चार बाजूंनी बघतो: पैशांचे व्यवहार, घर, लोकांतला वावर आणि एकमेकांशी बांधिलकी. एकाच पत्रात चारही कोंबू नयेत. मैत्रिणीला तुमचं बँक खातं कुठून ठाऊक असणार? पण ती असं लिहू शकते: ‘गेल्या जुलैत तिचा पाय मुरगळला. मी डबा घेऊन गेले तर तो भाकऱ्या थापत होता. औषधांच्या वेळा त्याने स्वतः लिहून फ्रिजवर लावल्या होत्या.’ ही तीन वाक्यं पानभर कौतुकाला भारी आहेत. दोघांना कधीपासून ओळखते, किती वेळा भेटते आणि हे नातं खरं व टिकणारं का वाटतं, हेही तिने लिहावं.

लग्न ठरवून झालं असेल तर ते लपवू नका. कांदेपोह्यांच्या वेळी काकांनी काय पाहिलं, साखरपुड्यानंतर दोघं कसे बोलत होते, लग्नानंतर सणावाराला एकत्र आले का, हे काकांनी सरळ सांगावं. नेमकी तारीख आठवत नसेल तर ‘२०२३च्या गणपतीत, म्हणजे सप्टेंबरात’ एवढंही पुरतं. अंदाजाने तारीख ठोकली आणि ती अर्जातल्या तारखेशी जुळली नाही, तर उगाच शंका येते.

मसुदा तुम्ही लिहून देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. दोन पत्रांत तीच वाक्यं दिसली की दोन्ही पत्रं पडतात. शिवाय खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे, आणि सही त्यांची असते.

शेवटी नावांचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे आहे ना, सही आणि तारीख आहे ना, हे बघून सगळं इमीअकाउंटवर (व्हिसा अर्जाचं सरकारी ऑनलाइन खातं) चढवा. प्रती जपून ठेवा. हा व्हिसा आधी तात्पुरता, मग कायमस्वरूपी अशा दोन टप्प्यांत मिळतो, आणि बहुतेकांना अर्जानंतर साधारण दोन वर्षांनी कायमस्वरूपी टप्प्यासाठी पुन्हा पुरावे द्यावे लागतात. तेव्हा जुनीच पत्रं न जोडता मधल्या काळाबद्दल नवी लिहून घ्या.