एका रात्रीत भाव निम्मा? बोनसची दुरुस्ती अशी केली

लक्षण: रिलायन्सच्या शेअरच्या जुन्या भावांच्या एक्सेल फाईलमध्ये 28 ऑक्टोबर 2024 ला जवळपास 50 टक्के घसरण दिसते आणि 200 दिवसांची सरासरी बिघडते. ती ओळ पुसून पाहिली, फाईल पुन्हा उतरवली. दोन संध्याकाळी फुकट गेल्या.

कारण एवढंच, की त्या दिवशी शेअर 1:1 बोनसनंतरच्या (एका शेअरमागे एक फुकट शेअर) भावाने उघडला आणि भावकॉपीत, म्हणजे शेअर बाजाराच्या रोजच्या भावांच्या फाईलमध्ये, मागचे भाव कोणी बदलत नाही.

आधी सिरीजच्या रकान्यात फक्त ईक्यू (साधे शेअर) ठेवा, मग तारखेनुसार लावा. एनएसईच्या (राष्ट्रीय शेअर बाजार) कॉर्पोरेट ॲक्शन्समधून, म्हणजे बोनस-स्प्लिटच्या नोंदींमधून, एक्स-डेट घ्या; त्या दिवसापासून शेअर बोनसशिवाय विकला जातो. तिच्या आदल्या दिवसापर्यंतचे ओपन, हाय, लो, क्लोज 2 ने भागा, व्हॉल्यूम 2 ने गुणा. उलाढालीच्या रकान्याला हात नको. स्प्लिटमध्ये (एका शेअरचे तुकडे) दर्शनी मूल्य 10 चं 2 झालं असेल तर भाजक 5. बोनस आणि स्प्लिट दोन्ही असतील तर भाजकांचा गुणाकार.

याहू फायनान्सचा क्लोज आधीच स्प्लिट-बोनसने जुळवलेला असतो, तो पुन्हा भागू नका. आणि 19 डिसेंबरला गोव्यात मुक्तिदिनाची सुट्टी असली तरी, शनिवार-रविवार नसेल तर मुंबईचा बाजार चालूच असतो; त्या ओळी चुकीच्या समजून गाळू नका.