टूर बघायला बसताय? मग आधी माणसं मोजा

जुलै म्हणजे आमच्या मालवणात मासेमारी बंद, होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या, बाहेर धो धो पाऊस आणि माझी सायकल पडवीत उलटी. मग करायचं काय, तर टीव्हीवर टूर डी फ्रान्स, म्हणजे फ्रान्सची तीन आठवड्यांची सायकल रेस, लावायची. तिकडची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, त्यामुळे स्टेज, म्हणजे एका दिवसाचा टप्पा, साधारण रात्री साडेआठ-नऊला संपतो, जेवणाआधी उरकतं. पण नवीन माणूस दहा मिनिटात चॅनल बदलतो, कारण पावणेदोनशे माणसं घोळक्याने चाललीयेत आणि काहीच होत नाहीये असं वाटतं. होत असतं हो, आपण चुकीच्या जागी बघत असतो.

शेजारचे आबा, आयुष्य समुद्रावर गेलेलं, गेल्या वर्षी माझ्यासोबत बसायला लागले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी बरोबर प्रश्न विचारला, "मेल्या, तो पुढे होतो, मगे थांबलो कित्याक?" हा प्रश्न कळला की अर्धी रेस कळली.

तर सुरुवात इथून. एका टीमचे 8 जण, त्यातला एकच लीडर, बाकीचे सात त्याच्यासाठी राबणारे. 21 स्टेजचा सगळा वेळ मिळवून ज्याचा सर्वात कमी, तो यलो जर्सीवाला, म्हणून लीडरला रोज जिंकायची गरजच नाही, फक्त वेळ घालवायचा नाही आणि दम उगाच खर्च करायचा नाही. दम वाचतो दुसऱ्याच्या मागे लपून. समोरून वारा असताना देवगडच्या रस्त्याला मित्राच्या चाकाला चाक लावून एकदा चालवून बघा, बाजूला झालात की पायाला लगेच कळतं आत्तापर्यंत फुकट खात होतो. बाटल्या आणायला गाडीपर्यंत मागे जाणारा, वारा अंगावर घेणारा, लीडरचं टायर गेलं तर स्वतःचं चाक काढून देणारा, हे सगळे त्या सातातले. आणि जिंकलेल्या बक्षिसाचे पैसे टीममध्ये वाटायची जुनी पद्धत आहे. हे सांगितल्यावर आबा म्हणाले, "मगे ही रापणच झाली मरे!" रापण म्हणजे किनाऱ्यावरून गावाने मिळून ओढायचं मोठं जाळं. झालीच. दोर सगळ्यांनी ओढायचा आणि वाटे पण सगळ्यांना.

आता मुख्य काम. डोंगराच्या स्टेजला शेवटची किंवा शेवटच्या आधीची चढण सुरू होते तिथे कोण पुढे आहे ते सोडा, प्रत्येक लीडरजवळ त्याच्या टीमची किती माणसं उरलीत ते जर्सीच्या रंगावरून मोजा. तीन असतील तर तो आरामात, शून्य असेल तर तो कितीही भारी असो, त्याला स्वतःच सगळ्यांच्या मागे धावावं लागणार. 2022 च्या टूरमध्ये अकराव्या स्टेजला रोगलिच आणि विंगेगो या एकाच टीमच्या दोघांनी पोगाचारला असंच एकटं पाडलं. पोगाचार यलो जर्सीत, त्याच्या टीममधले दोघं कोविडमुळे आधीच घरी गेलेले, आणि गालिबिए डोंगराच्या भागात रोगलिच एकदा पळायचा मग विंगेगो पळायचा, एक पकडला की दुसरा सुटायचा. पोगाचार दोघांनाही उत्तर देत बसला आणि शेवटी ग्रानोनच्या चढणीवर पाय संपले, विंगेगोला 2 मिनिटं 51 सेकंद देऊन बसला. त्या दिवशी अटॅक ग्रानोनवर दिसला पण काम आधीच्या डोंगरावर झालं होतं.

आता आबांच्या प्रश्नाचं उत्तर, ते 2025 च्या जिरोत आहे, म्हणजे इटलीची तीन आठवड्यांची रेस. 31 मे, विसावा स्टेज, आमच्याकडे पाऊस त्या वर्षी लवकरच लागलेला. एकूण वेळेत देल तोरो पहिला, कारापाझ 43 सेकंद मागे, सायमन येट्स 1 मिनिट 21 सेकंद मागे. फिनेस्त्रेच्या चढणीवर येट्स सुटला आणि हे दोघं एकमेकांकडे बघत राहिले, तू ओढ, नाही तू ओढ, कारण जो ओढेल तो दुसऱ्याला फुकट नेणार. आणि येट्सचा साथीदार वान आर्ट सकाळपासून ब्रेकअवेमध्ये, म्हणजे घोळक्यातून सुटून पुढे गेलेल्या छोट्या गटात, पाठवलेला, तो खाली दरीत थांबला आणि सपाटीवर येट्सला घेऊन सुटला. शेवटी येट्स जवळपास 4 मिनिटांनी जिरो जिंकला. म्हणून मोठ्या टीमचा माणूस सकाळच्या ब्रेकअवेत दिसला की त्याचं नाव लक्षात ठेवा, तो स्टेज जिंकायला गेला असेलच असं नाही. (याच फिनेस्त्रेवर 2018 मध्ये येट्सने पिंक जर्सी, म्हणजे जिरोची यलो जर्सी, घालवली होती, मला त्या दिवशी रडू आलं म्हटलं तरी चालेल.)

आडवा वारा असेल तर पेलोटॉन, म्हणजे मुख्य घोळका, रस्त्यावर तिरका पसरतो आणि मागचे तुटतात, अशा दिवशी लीडर पुढच्या वीसात नसेल तर काळजी करा. स्प्रिंटचा स्टेज असेल तर शेवटचे 10 किमी बघा, आधी जेवून घ्या.

फॉर्म ओळखणं जास्त अवघड, कारण रायडर चेहरा लपवण्यात पटाईत असतात. मी खांदे बघतो. चढणीवर खांदे हलायला लागले, नेहमी बसून चढणारा सारखा उभा राहायला लागला, गटात हळूहळू शेवटच्या जागी सरकला, तर गडबड आहे. रेस्ट डेच्या दुसऱ्या दिवशी नीट बघा, काहींचे पाय सुट्टीनंतर जड होतात. टाइम ट्रायल, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध चालवायचा स्टेज, तर सरळ तपासणीच, तिथे मागे लपायला कोणी नाही. 2023 मध्ये सोळाव्या स्टेजच्या टाइम ट्रायलला पोगाचारने विंगेगोला 1 मिनिट 38 सेकंद दिले आणि दुसऱ्याच दिवशी लोझच्या चढणीवर पूर्ण बसला. एप्रिलमध्ये मनगट मोडलेलं, तयारीचे आठवडे गेलेले, ते तिसऱ्या आठवड्यात बाहेर आलं.

आणि खाणं. हल्ली हे लोक तासाला 90 ते 120 ग्रॅम कार्ब्स खातात, लीडर बराच वेळ काही खाताना दिसला नाही की मला धडकी भरते, कारण मी स्वतः एकदा फक्त बशीभर पोह्यांवर आंबोली घाट चढायला गेलो आणि धबधब्याच्या खालीच कठड्यावर बसलो, डोळ्यासमोर अंधार, शेवटी एका टेम्पोवाल्याने सायकलसकट वर नेलं.

राहिला प्रश्न लाईटचा, जी आमच्याकडे ऐन शेवटच्या तासात जातेच. सपाट स्टेजला एक जुना हिशोब आहे, फ्रान्सचा कॉमेंटेटर शापात याच्या नावाने ओळखतात, की पेलोटॉनने मनावर घेतलं तर 10 किमीला साधारण 1 मिनिट भरून काढतो. 40 किमी राहिले आणि ब्रेकअवेकडे 3 मिनिटं असतील तर पकडले जाणार, 30 किमीला 5 मिनिटं असतील तर वाचले. लाईट गेल्यावर आबा बोटं मोजत हेच सांगत बसतात, आणि मोबाईलला रेंज येईपर्यंत आमची पैज लागलेली असते.