मेढा जोडायच्या तर पावसाआधी काय काय तयार हवं

इंदूरला जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाऊस धरतो, म्हणजे हातात जेमतेम महिना उरलाय, आणि आमच्या हातोदकडच्या नाल्याच्या दोन्ही काठांचे मिळून नऊ शेतकरी मधमाश्या, पक्ष्यांना सलग आसरा मिळावा म्हणून यंदा पहिल्यांदाच एकत्र मेढांवर झाडं, झुडपं, गवत लावणार आहेत. (मेढ म्हणजे बांध, आमच्याकडे मराठी घरांतही मेढच म्हणतात.) मी तीन वर्षं हे एकट्याने करून पाहिलं, त्यात जे जे चुकलं ते धरूनच ही तयारी लिहून ठेवतोय, कुणाला आपल्या गावात करायचं असेल तर कामाला येईल.

सगळ्यात आधी शेजारी, झाडांचं नंतर बघू. मी पहिल्या वर्षी करंज आणि बोर लावले, कडेने धणे पेरले, मधमाश्यांच्या दोन पेट्या ठेवल्या आणि जानेवारीत धणे फुलल्यावर असा काही गुंजारव सुरू झाला की बाबा चहा घेऊन तिथेच बसायचे. मग एके दिवशी दुपारी गेलो तर पेटीच्या तोंडाशी फळीवर मेलेल्या माश्यांचा थर, कित्येकींच्या मागच्या पायांना पिवळ्या परागाच्या गोळ्या तशाच चिकटलेल्या. पलीकडच्या शेतात हरभऱ्यावर इल्लीसाठी (म्हणजे अळीसाठी) सकाळी अकरा वाजता औषध मारलं होतं, माश्या ऐन कामावर असतात ती वेळ. मी तावातावाने गेलो तर काका म्हणाले, "पहले बोल देते भिया, मैं शाम को मार देता." आणि खरंच, मी त्यांना पेट्यांबद्दल कधी सांगितलंच नव्हतं! म्हणून आता पहिलं काम फवारणीचा शब्द पक्का करायचा, कुणी काय आणि कधी मारणार ते दोन दिवस आधी ग्रुपवर टाकायचं, फुलावर पीक असेल तर शक्यतो मारायचंच नाही आणि मारावंच लागलं तर सूर्य मावळल्यावर, वारा पडलेला असताना. तणनाशक मेढेवर मारायचं नाही हेही त्याच बैठकीत बोलून घ्यायचं, कारण आमच्याकडे मेढ "साफ" दिसावी म्हणून लोक सर्रास मारतात आणि सगळी फुलं तिथेच संपतात. उंदरांच्या विषाचंही बोला. विष खाल्लेला उंदीर गव्हाणी घुबडाने खाल्ला की घुबडही जातं, आणि उंदीर धरायला घुबडासारखं दुसरं कुणी नाही.

सगळ्यांनी मिळूनच का, तर पोळं न करता एकेकट्या राहणाऱ्या लहान रानटी मधमाश्या घरट्यापासून सहसा काही शे मीटरच्या पलीकडे जात नाहीत, त्यामुळे माझी एक मेढ फुललेली आणि पुढची चार शेतं कोरी असली तर त्यांच्यासाठी जग तिथेच संपतं. नेदरलँडमध्ये तर 2016 पासून शेतातल्या निसर्गासाठीचं सरकारी अनुदान एकेकट्या शेतकऱ्याला देणं बंद करून जवळपास 40 शेतकरी संघांमार्फतच दिलं जातं, म्हणजे त्यांनाही हेच कळलं. आपल्याकडे तसं अनुदान नाही, पण शेजार तर आहे ना.

दुसरं म्हणजे नक्शा. पटवाऱ्याकडून (तलाठ्याकडून) किंवा भूलेख या जमीन नोंदींच्या वेबसाइटवरून सगळ्यांचे खसरे, म्हणजे शेतांचे नंबरवार नकाशे, काढा, एका मोठ्या कागदावर जोडून चिकटवा आणि आत्ता जिथे झाड, झुडूप, जुनी विहीर, वारूळ, पाणी साचणारा कोपरा आहे तिथे हिरवा पेन फिरवा. आम्ही केलं तेव्हा दिसलं की हिरवं सलग कुठेच नाही, तुकडे तुकडे आहेत, आणि फक्त पाच ठिकाणी मेढ भरली तर नाल्यापासून रस्त्यापर्यंत एक ओळ होते. ती पाच ठिकाणं यंदाची, बाकी पुढच्या वर्षी, सगळं एकदम करायला गेलात तर पाणी घालायला माणूस पुरणार नाही. नाल्याची कड बहुतेक ठिकाणी शासकीय असते, तिथे लावायचं तर पंचायतीचा ठराव आधी घ्या, तोंडी हो म्हणाले म्हणून लावू नका. आणि पंचायतीत गेलातच आहात तर जैवविविधता व्यवस्थापन समितीचं विचारा, 2002 च्या कायद्याने ती प्रत्येक पंचायतीत असायला हवी आणि गावाची लोक जैवविविधता नोंदवहीही (गावातल्या झाडं-प्राण्यांची नोंद), बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं.

सावलीवरून भांडणं होतात, त्याचा निकाल खड्डे खणायच्या आधी लावा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला असतो त्यामुळे पूर्व-पश्चिम मेढेवर उंच झाड लावलं की सावली उत्तरेच्या शेतात पडते आणि तिथला गहू मागे राहतो, शेजारी चिडणारच. म्हणून अर्जुन, जांभूळ, करंज अशी मोठी झाडं नाल्याच्या काठी किंवा जिथे उत्तरेला रस्ता आहे तिथे, आणि दोन शेतांच्या मधल्या मेढेवर बोर, करवंद, निर्गुंडी, मेंदी असं बुटकं काहीतरी, खाली मारवेल गवत. खाकरा म्हणजे आपला पळस कुठे उभा असेल तर त्याला हात लावू नका, फागुनात बाकी सगळं वाळलेलं असताना तोच एकटा फुललेला असतो. रोपांसाठी वनविभागाच्या रोपवाटिकेत आत्ताच नाव द्या, जुलैत गेलं की उरलेलं मिळतं. मेढेचा थोडा भाग मोकळा, न खणलेला राहू द्या, कितीतरी रानटी मधमाश्या जमिनीतच बीळ करून राहतात.

खड्डे मे महिन्यातच खणून उन्हात तापू द्यायचे, भरायला कंपोस्ट. इथे मला खरंच अभिमान वाटतो, कारण जगभर ज्याला कंपोस्टची इंदूर पद्धत म्हणतात ती आपल्याच इंदुरात, 1924 ते 1931 या काळात अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी घडवली, होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर. शेतातला काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती, राख असे थर द्यायचे, ओल धरायची, अधूनमधून उलथायचं, साधारण तीन महिन्यांत खत तयार. म्हणजे यंदाच्या खड्ड्यांसाठी ते आता होणार नाही, ज्याच्याकडे जुनं कुजलेलं असेल त्याच्याकडून घ्या, पण पुढच्या वर्षीचा ढीग पावसाआधी एकाच जागी सगळ्यांचा मिळून लावा. गव्हाची नरवाई (कापणीनंतर उरलेली धसकटं) जाळायची नाही ती त्यातच घाला. आगीत टिटवी, तितर, चंडोल यांची जमिनीवरची घरटी अंड्यांसकट जातात, मी काळी पडलेली अंडी हातात घेतली आहेत.

पाणथळ कोपऱ्याचं वेगळं लिहितो. आमचा नाला गंभीर नदीला मिळतो आणि गंभीरवर यशवंत सागर हा धरणाचा जलाशय, 2022 मध्ये इंदूरच्या सिरपूर तलावासारखंच तेही रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं. सारस क्रौंचाची मध्य भारतातली ती महत्त्वाची जागा, आणि इंदूरच्या काही भागाला पिण्याचं पाणीही तिथूनच जातं, म्हणजे आपण शेतात मारलेलं उतारानं कुठे जाऊ शकतं ते बघा. सारस पावसाळ्यात उथळ पाण्यात गवताचा मोठा ढीग करून घरटं करतात, बहुतेक दोन अंडी, उबवायला महिनाभर. ज्या कोपऱ्यात दरवर्षी सोयाबीन सडतंच तो कोपरा न नांगरता सोडायला कोण तयार आहे ते आत्ताच विचारा, आमच्याकडे दोघे तयार झाले. तिथली बेशरम मात्र मुळासकट काढा, आणि मेढेवरचं गाजरगवत फुलायच्या आत, हातमोजे घालून.

रब्बीचं आत्ताच ठरवून ठेवलेलं बरं. हरभऱ्यात धण्याच्या ओळी, कडेला झेंडू, आणि पक्ष्यांना बसायला टी आकाराच्या खुंट्या, कोतवाल आणि साळुंक्या त्यावर बसून इल्ल्या वेचतात. खुंट्यांसाठी बांबू एकत्र घेतला तर स्वस्त पडतो.

आणि मोजणी, हे लोक सोडून देतात आणि मग दोन वर्षांनी फरक पडला की नाही ते कुणालाच सांगता येत नाही. काहीही लावायच्या आधी एकदा मोजा. ठरलेली एक वाट, सकाळी सहा ते सात, दिसलेले-ऐकलेले पक्षी वहीत, जमलं तर ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर. प्लास्टिकचे ग्लास मेढेपाशी मातीत तोंडापर्यंत पुरून रात्रभर ठेवायचे, सकाळी आत पडलेले भुंगेरे आणि कोळी मोजून सोडून द्यायचे, मुलांना हे काम फार आवडतं. पहिला पाऊस झाल्यावर फूटभर लांब-रुंद-खोल माती काढून गांडुळं मोजा, प्रत्येकाच्या शेतात एकेक जागा, तीच जागा दरवर्षी, खुणेला दगड.

आमची पहिली मोजणी येत्या रविवारी आहे, वही माझ्याकडे, ग्लास काका आणणार आहेत, आणि त्या दिवशी कुणाचीही फवारणी नाही असं ग्रुपवर नऊच्या नऊ जणांनी लिहून दिलंय.