‘उठू नका’ म्हणता म्हणता आजींना उठवू नका: फ्रेंचमधल्या या चुका टाळा

गेली अकरा वर्षं मी पुण्यात घरी फ्रेंचच्या शिकवण्या घेते. मार्क पडतात म्हणून फ्रेंच घेतलेली दहावीची मुलं, कॅनडाची स्वप्नं पाहणारे इंजिनियर, निवृत्तीनंतर हौसेनं येणारे काका-काकू, असे सगळे येतात. वह्या मात्र सगळ्यांच्या एकाच ठिकाणी लाल होतात: आत्मवाचक क्रियापदांचा, म्हणजे ‘स्वतःला’ अशा अर्थाचं सर्वनाम सोबत घेऊन चालणाऱ्या क्रियापदांचा, आज्ञार्थ.

नियम दोन ओळींचा आहे. ‘ऊठ’ म्हणायचं तर ‘त’ (तू स्वतःला) हे सर्वनाम क्रियापदानंतर येतं, मध्ये छोटी आडवी रेघ, आणि ‘त’चं ‘त्वा’ होतं: लेव्ह-त्वा. ‘उठू नकोस’ म्हणायचं तर ते परत क्रियापदाआधी जातं आणि पुन्हा ‘त’ होतं: न त लेव्ह पा. ‘तुम्ही’साठीचं ‘व्हू’ रूप बदलत नाही, फक्त जागा बदलतं: लव्हे-व्हू, न व्हू लव्हे पा.

तरी घाईवाले काय करतात? होकारी आज्ञा तयार असते, तिला अलीकडून ‘न’ आणि पलीकडून ‘पा’, वड्याला पाव लावावा तसं. झालं ‘न लेव्ह-त्वा पा’.

हसू नका, ही चूक मी स्वतः केली आहे, तीही फ्रान्समधल्या भर लियों शहरात. घरमालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या, नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. दाराची बेल वाजली. मी स्वयंपाकघरातून मोठ्या प्रेमानं ओरडले, “न लव्हे-व्हू पा!” बोलताना तो ‘न’ फ्रेंच माणसंच गिळतात, माझा तर भांड्यांच्या आवाजात गेला. आजींच्या कानावर पडलं ते खणखणीत ‘लव्हे-व्हू!’ म्हणजे ‘उठा!’ माझा ‘पा’ पोचेपर्यंत त्या काठी धरून अर्ध्या उभ्या राहिल्या होत्या. कुरियरवाला परत गेला. आजींनी मला समोर बसवलं, “आसेये-व्हू,” आणि बरोबर वाक्य दहा वेळा म्हणवून घेतलं. अकराव्यांदा मीच म्हटलं.

तेव्हापासूनची माझी सवय: आधी साधं नकारी वाक्य म्हणायचं, ‘त्यू न त लेव्ह पा’, तू उठत नाहीस. मग पुढचा ‘त्यू’ उडवायचा. उरलं तेच ‘उठू नकोस’. लिहिताना ज्याचं मूळ रूप ‘ई-आर’ने (er) संपतं अशा क्रियापदाच्या शेवटचा ‘एस’ही उडवा, तो ऐकू येत नाही, म्हणून तर वहीत राहून जातो. होकारी आज्ञेला अशी युक्ती नाही. दहा क्रियापदं पाढ्यांसारखी घोका. ‘पाठांतर जुनाट झालं’ म्हणणाऱ्यांची वाक्यं मी रोज तपासते.

‘त्वा’ गाळणं हा खास आपला दोष. मराठीत नुसतं ‘ऊठ’ पुरतं, म्हणून मुलं नुसतं ‘लेव्ह!’ म्हणतात. फ्रेंच माणूस वाट बघत राहतो, काय वर करू? हात वर करायला सांगताना ‘लेव्ह ला मँ’ म्हणतात, तसं काहीतरी पुढे येईल असं त्याला वाटतं.

दुसरी माझी आवडती डोकेदुखी म्हणजे वेब सिरीजमधून शिकून आलेली मंडळी. ‘न तँकिएत पा’, म्हणजे काळजी करू नकोस, हे तिथे ‘तँकिएत पा’ होतं, आणि पुढे नुसतं ‘तँकिएत’. ‘न’ गेला, ‘पा’ गेला, तरी अर्थ ‘काळजी करू नकोस’ हाच! कारण ‘काळजी कर’ असतं तर ‘अँकिएत-त्वा’ झालं असतं. सर्वनाम आधी आहे एवढ्यावरून कान नकार ओळखतो. जागेचं महत्त्व याहून वेगळं कसं सांगू? पण ही गंमत मित्रांत ठीक. डेल्फ या फ्रेंचच्या परीक्षेच्या लेखी पेपरात ‘न’ खाल्लात तर मला फोन करू नका.

उरलेल्या चुका भराभर. ‘मी उठले नाही’ हे ‘ज न म स्वी पा लव्हे’. ‘पा’ सहायक क्रियापदाला चिकटून येतो, वाक्याच्या शेपटीला नाही. या क्रियापदांना सहायक नेहमी ‘एत्र’ (असणं), ‘अव्ह्वार’ (जवळ असणं) कधीच नाही. बायकांनी लिहिताना ‘लव्हे’ला एक जादा ‘ई’ जोडायचा. ‘आम्ही उठणार नाही’ म्हणजे ‘नू नालों पा नू लव्हे’. शब्दकोशात ‘स लव्हे’ (उठणं) छापलंय म्हणून ‘मी’, ‘तू’, ‘आम्ही’ सगळ्यांना ‘स’ लावू नका. ‘चालता हो’ म्हणजे ‘व्हा-ताँ’, ‘जाऊ नकोस’ म्हणजे ‘न ताँ व्हा पा’. हे दोन्ही तसेच्या तसे गिळा, विच्छेदन नंतर.

आणि फ्रान्समधल्या जुन्या रेल्वेच्या खिडकीखाली ‘न पा स पाँशे ओ दऑर’, बाहेर वाकू नये, अशी पाटी दिसली, तर ‘मॅडम, इथे न आणि पा जवळजवळ कसे’ म्हणून फोटो पाठवू नका. ते आज्ञार्थ नाही, मूळ धातुरूप आहे, आणि त्यात दोघं शेजारीच बसतात. असे चार फोटो आलेत आजवर.