पस्तिशीनंतरचे फुटबॉल सीझन कसे खेळायचे

पस्तिशी गाठलेल्या खेळाडूचा आधी दम जातो, असं बाहेरून बघणाऱ्यांना वाटतं. मी अजून खेळतोय, म्हणून खात्रीने सांगतो: दम पुरतो. कमी होतो तो पहिल्या पाच मीटरचा झपाटा, आणि एक स्प्रिंट मारून लगेच दुसरी मारायची ताकद. सगळ्यात जास्त जाणवतं ते सामन्यानंतर अंग मोकळं व्हायला लागणारा वेळ. म्हणून आठवडा आखताना आधी मागच्या सामन्यात किती मिनिटं खेळलात ते बघा, मग पुढचा सामना.

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सायकल किंवा पोहणं, तेही हलकं. तिसऱ्या दिवशी अंग सगळ्यात जास्त दुखू शकतं, त्या दिवशी स्प्रिंटला हात लावू नका. त्यानंतर मात्र एक दिवस पूर्ण वेगाने पळाच. वय झालं म्हणून सरावात जोरात पळणं सोडणारे बरेच सिनियर मी पाहतो आणि जीव तुटतो. आठवडाभर ज्या हॅमस्ट्रिंगने, म्हणजे मांडीमागच्या स्नायूने, पूर्ण वेग पाहिलेलाच नाही, ती सामन्यात अचानक वेग मागितल्यावर धरणारच.

हॅमस्ट्रिंगसाठी नॉर्डिक हा व्यायाम सोडू नका. मॅटवर गुडघे टेका, जोडीदाराला घोटे घट्ट धरायला सांगा आणि कंबर न वाकवता धड हळूहळू पुढे सोडा. खरं काम शेवटच्या वीतभर अंतरात होतं, जिथे आपण धप्पकन पडायला बघतो. तिथेच रेटून धरा, मग हातांवर या. आठवड्यातून एक-दोनदा, मोजकेच, पण वर्षभर. पोटरीसाठी एका पायावर उभं राहून टाच वर-खाली करा, एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा वाकवून. वाकवलेल्या गुडघ्याने खालचा सोलियस स्नायू कामाला लागतो; तरुण पोरं नेमकं हेच टाळतात, आपल्याला ती चैन परवडत नाही. सुट्टीतही पूर्ण बसू नका. या वयात गमावलेला फिटनेस परत यायला फार वेळ लागतो. आणि दर सामन्याआधी वेदनाशामक गोळी लागत असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. पोट आणि किडनी दोन्ही त्याची किंमत मोजतात.

आता मैदानावरची जागा. रायन गिग्ज विंगवरून मधल्या फळीत आला आणि चाळिशीपर्यंत खेळला. लोथार मॅथेअस मिडफिल्डमधून लिबेरो, म्हणजे बचावफळीच्या मागचा मोकळा बचावपटू, झाला आणि 2000 च्या युरोमध्ये, म्हणजे युरोपच्या देशांच्या स्पर्धेत, 39 व्या वर्षी उतरला. आंद्रेआ पिर्लो 2011 मध्ये इटलीच्या युव्हेंटस क्लबला गेला आणि बचावफळीच्या पुढे उभं राहून खेळ चालवत पहिल्याच सीझनमध्ये लीग जिंकला. तुम्हीही जागा बदलायची तयारी ठेवा, आणि कोचने सांगण्याआधी स्वतः विषय काढा. मी विंग सोडून आत आलो तेव्हा नव्याने शिकावी लागली ती मान वळवायची सवय. पास देणाऱ्याकडे बॉल आला की एकदा खांद्यावरून मागे बघा, त्याने पाय मागे घेतला की पुन्हा एकदा. बॉल तुमच्यापर्यंत येईतो पुढचा पास ठरलेला हवा. हरवलेला झपाटा इथे भरून निघतो, आणि खरं सांगू, मला आताचा खेळ विंगवरच्यापेक्षा जास्त आवडतो. गोलकीपरांची गोष्ट निराळी: इजिप्तच्या इसाम अल-हदरीने 2018 च्या विश्वचषकात 45 व्या वर्षी पेनल्टी अडवली.

कोचकडे किती मिनिटं, कोणत्या कामासाठी, हे विचारून घ्या. 2022 पासून नियमांतच पाच बदली खेळाडूंची सोय आहे, त्यामुळे शेवटच्या अर्ध्या तासात आघाडी सांभाळणं ही आता खरीखुरी भूमिका आहे. ती मिळाली तर तोंड पाडून वॉर्म-अप करू नका. बेंचवरची पोरं तुमच्याकडेच बघत असतात.

करार बहुतेक एकेक वर्षाचे मिळतात. ठराविक सामने खेळल्यास आपोआप एक वर्ष वाढ, हे कलम मागून बघा. दुखापतीचा खर्च आणि पगार किती काळ चालू राहील ते लेखी घ्या. कोचिंगचा परवाना खेळत असतानाच सुरू करा.

थांबायचं कधी? टोनी क्रूसने 2024 मध्ये 34 व्या वर्षी, आधी जाहीर करून, युरो संपताच बूट काढले. पॉल स्कोल्स 2011 मध्ये थांबला आणि जानेवारी 2012 मध्ये परत आला. सुनील छेत्री जून 2024 मध्ये भारतीय संघातून निवृत्त झाला आणि 2025 मध्ये पुन्हा उतरला. मला यातलं काहीच चूक वाटत नाही. फक्त निर्णय दुखापतीच्या बेडवर किंवा पराभवाच्या रात्री घेऊ नका. सीझनच्या मध्यात, अंग ठीक असताना, घरच्यांसोबत बसून ठरवा आणि क्लबला वेळेत कळवा. थांबल्यावर व्यायाम एकदम बंद करू नका, काही महिने हळूहळू कमी करत न्या, आणि जेवणही त्याच बेताने कमी करा.