रोमन-केल्ट लढाईचा सीनारिओ बनवताय? या चुका टाळा

मी पहिल्यांदा अलेशियाचा वेढा (रोमन सेनापती सीझरने गॉलांच्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या केल्टांच्या, गडाला घातलेला) गेममध्ये उभा केला, तेव्हा सीझरचे सैनिक चकचकीत पट्ट्यांच्या चिलखतात होते, गॉल उघडेबंब आणि निळ्या रंगाने माखलेले, आणि त्यांच्या डाव्या बगलेला वीस रथ. आठ मिनिटांत लढाई आटोपली. मागे उभा राहून बघणाऱ्या मावसभावाने विचारलं, "दादा, हे कुठल्या सालचं?" मी म्हटलं, इ.स.पू. ५२. "मग चिलखतं चाळीसेक वर्षं पुढची आणि रथ पावणेदोनशे वर्षं मागचे कसे?"

तेव्हापासून मी कुठलाही मॉड (खेळाडूंनी मूळ गेममध्ये केलेला बदल) उघडला की आधी साल बघतो. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

साल आधी, युनिट नंतर

गेममध्ये 'रोमन' आणि 'केल्ट' ही दोन डबकी असतात आणि त्यात तीनशे वर्षांचं पाणी एकत्र साठलेलं असतं. इटलीतली तेलामोनची लढाई इ.स.पू. २२५ ची, अलेशिया इ.स.पू. ५२ चं, आणि स्कॉटलंडमधली मॉन्स ग्राउपियसची लढाई इ.स. ८३ च्या आसपासची. या तिन्हींना एकच सैन्य वापरणं म्हणजे पानिपतावरच्या गारद्यांना प्रतापगडाच्या पायथ्याशी उभं करणं. तिथे आपल्याला लगेच खटकेल. इथे खटकत नाही, कारण लाल अंगरखा आणि चौकोनी ढाल दिसली की डोळ्यांचं समाधान होतं.

पट्ट्यांच्या चिलखताचंच घ्या. 'लोरिका सेगमेंटाटा' हे नावसुद्धा रोमन नाही, ते फार नंतरच्या अभ्यासकांनी दिलं. त्याचे सर्वात जुने तुकडे दक्षिण जर्मनीत डांगश्टेटनच्या छावणीत सापडले, आणि ती छावणी इ.स.पू. १५ ते ९ च्या सुमाराची. म्हणजे सीझरचा खून होऊन तीस वर्षं उलटून गेलेली. गॉलमध्ये लढलेले त्याचे सैनिक कड्यांच्या चिलखतात होते. त्यांची ढालही लांबट आणि कडा गोलाई घेतलेली होती. सिनेमातली काटकोनी, नळीसारखी वाकलेली ढाल नंतरची.

'रोम: टोटल वॉर' या २००४ च्या गेममध्ये कॅम्पेन इ.स.पू. २७० ला सुरू होते आणि इटलीतल्या एखाद्या शहरात इम्पीरियल पॅलेस बांधला की 'मारियन सुधारणा' (सेनापती मारियसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सैन्यसुधारणा) लागू होतात. हात जरा चपळ असेल, तर इ.स.पू. २०० च्या आसपासचा हॅनिबल हयात असतानाच तुमच्याकडे सम्राटांच्या काळातले लीजनरी (रोमन पायदळ शिपाई) येतात. गेम म्हणून यात काही वावगं नाही. इतिहास म्हणून मॉड करायला बसलात, तर पहिलं काम हेच. सगळे बदल एका बटणाला बांधू नका. कोहोर्टची (काहीशे माणसांच्या रोमन तुकडीची) रचना मारियसच्या आधी, स्पेनमधल्या मोहिमांतच दिसते. इ.स.पू. १०७ मध्ये मारियसने मालमत्ता नसलेल्या लोकांना सैन्यात घेतलं, हे खरं. पण एका माणसाने एका झटक्यात सगळं सैन्य बदललं, हे आता बरेच अभ्यासक मानत नाहीत. तेव्हा आधी कोहोर्ट, मग गरिबांची भरती आणि चिलखत शंभरेक वर्षांनी, असे तीन वेगळे ट्रिगर लावा.

सगळी त्रिआरीच कशी?

ही खेळणाऱ्याची चूक, पण मुभा देतो सीनारिओ बनवणारा. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने दिलेल्या हिशोबात एका लीजनमध्ये (रोमन सैन्याच्या मोठ्या तुकडीत) ४२०० पायदळ: पहिल्या फळीतले हस्ताती १२००, दुसरीतले प्रिंकिपेस १२००, हलके भालाफेके वेलितेस १२०० आणि तिसरीतले अनुभवी त्रिआरी फक्त ६००. घोडेस्वार ३००. शिवाय प्रत्येक लीजनबरोबर जवळपास तेवढंच मित्रांचं पायदळ, आणि त्यांचे घोडेस्वार रोमनांच्या तिप्पट. गेममध्ये मात्र त्रिआरी सर्वात दणकट म्हणून लोक आठ-आठ युनिट घेतात आणि मित्रसैन्याला कुणी विचारतही नाही. त्रिआरीवर कमाल मर्यादा घाला, हस्तातींच्या निम्मी. आणि जाता जाता, सेंच्युरी ही रोमन तुकडी म्हणजे शंभर माणसं नव्हेत, साम्राज्याच्या काळात ती ऐंशीची होती.

उघडे, निळे, शिंगवाले

तेलामोनला काही गॉल नागवे लढले हे खरं आहे. पण ते सगळे गॉल नव्हेत, फक्त 'गेसाती'. आल्प्स आणि ऱ्होन नदीच्या भागातून पैसे देऊन आणलेले लढवय्ये. पॉलिबियस सांगतो की काटेरी झुडपांत कपडे अडकतील म्हणून त्यांनी ते उतरवले. त्याच रणांगणावर इन्सुब्रेस आणि बोई या टोळ्यांचे गॉल मात्र विजारी आणि हलके झगे घालून उभे होते. आणि नागवेपणाचा परिणाम काय झाला, तेही पॉलिबियसनेच लिहून ठेवलंय: गॉलिश ढाल अख्खं अंग झाकत नसे, त्यामुळे रोमन भालाफेक्यांनी त्यांची दैना केली. म्हणजे या युनिटला शत्रूला घाबरवण्याचा गुण जरूर द्या, पण फेकीच्या अस्त्रांपुढे ते कोलमडलंच पाहिजे. अनेक मॉडमध्ये उलट असतं, नागवा म्हणून तो जणू अभेद्य.

निळा रंग ब्रिटनचा. सीझरने तो ब्रिटनच्या लोकांबद्दल लिहिला, गॉलबद्दल नाही. 'एज ऑफ एम्पायर्स २' मधला निळा 'वोड रेडर' बघून अनेकांचा गोंधळ होतो, पण तिथले केल्ट मध्ययुगीन आहेत, विल्यम वॉलेसच्या काळातले. स्कॉटिश दोन हातांची तलवारही मध्ययुगाच्या अखेरची. तिचा आणि अलेशियातला गॉल सेनापती व्हर्सिंजेटोरिक्स याचा काही संबंध नाही.

शिंगवालं शिरस्त्राण खरंच सापडलंय, १८६८ मध्ये लंडनला, थेम्स नदीत वॉटर्लू पुलाजवळ. पण ते पातळ ब्राँझचं आहे, मिरवायचं. सेनापतीच्या पोर्ट्रेटला घाला हवं तर, दोनशे माणसांच्या तुकडीला नको.

'झिरो ए.डी.' हा मोफत गेम या बाबतीत शहाणा निघाला. त्यात आधी 'केल्ट' अशी एकच संस्कृती होती, पुढे गॉल आणि ब्रिटन वेगळे केले. बाकी काही जमलं नाही तरी तुमच्या मॉडमध्ये एवढं करा.

चिलखत कुणाचं?

रोमन आर्मर नऊ, केल्ट आर्मर दोन. आकडे कमीजास्त असतील, पण हा प्रकार सगळीकडे दिसतो. गंमत अशी की कड्यांचं चिलखत ही मुळात गॉलांची देणगी आहे. हे रोमन लेखक व्हॅरो स्वतः सांगतो. रोमेनियातल्या च्युमेश्तला एका केल्टिक योद्ध्याच्या थडग्यात तसं चिलखत निघालं आणि सोबत लोखंडी शिरस्त्राण, त्यावर पंख पसरलेला पक्षी. रोमन सैनिकाच्या डोक्यावरचं मोंतेफोर्तिनो प्रकारचं शिरस्त्राण केल्टांकडून आलेलं. साम्राज्याच्या काळातल्या ज्या शिरस्त्राणाला आपण 'टिपिकल रोमन' म्हणतो, त्याचं घराणंही गॉलमधलंच. चार शिंगांचं खोगीर तिथलं. म्हणजे रोमन लीजनरी डोक्यापासून कमरेपर्यंत बराचसा केल्ट होता.

मग फरक कुठे? फरक असा की गॉलमध्ये असलं चिलखत सरदार आणि त्याच्या पदरच्या माणसांना परवडायचं, आणि रोमन सैन्यात ते फळीतल्या साध्या शिपायालाही मिळायचं. म्हणून दुरुस्ती सोपी आहे: गॉलच्या सरदारी तुकडीला लीजनरीइतकंच आर्मर द्या, पण अशी युनिट दोन-तीनच भरती होतील असं करा आणि ती महाग ठेवा. बाकीच्यांना लांब ढाल, भाला आणि ज्याला जमेल त्याला तलवार.

तलवारीचं अजून एक. केल्टिक तलवार एका घावात वाकायची आणि सैनिक ती पायाखाली सरळ करत बसायचा, ही कथा पॉलिबियसची. ती वाचून अटॅक स्टॅट अर्धा करणारे मॉड मी पाहिले आहेत. सापडलेल्या तलवारींच्या धातूची तपासणी झाली, तेव्हा दर्जा कमीजास्त असला तरी बऱ्याच चांगल्या निघाल्या. थडग्यांतल्या आणि देवस्थानांतल्या वाकलेल्या तलवारी तर मुद्दाम वाकवून अर्पण केलेल्या आहेत.

लक्षण: गॉल पहिल्या धडकेनंतर पळतात

सीनारिओ चालवून बघा. दोन्ही बाजू कॉम्प्युटरला द्या, सैन्यांची किंमत समान ठेवा. गॉल पाच मिनिटांत पळत असतील, तर 'रोम: टोटल वॉर'मधली युनिटची टेक्स्ट फाईल उघडा. मनोधैर्याच्या ओळीत आकड्यानंतर शिस्तीचा शब्द येतो. तिथे 'इम्पेच्युअस' असेल, तर ते युनिट हुकमाविना धावत सुटतं. फॉर्मेशनच्या ओळीत 'होर्ड' लिहिलं असेल, तर माणसं जत्रेसारखी विखरून उभी राहतात. या दोन शब्दांनी अख्खी संस्कृती झुंड ठरते.

आता इ.स.पू. ५८ मधली बिब्राक्तेजवळची लढाई बघा. सीझरच्याच शब्दांत हेल्वेती (ही एक केल्टिक टोळी) दाट फळी धरून, ढालीला ढाल लावून चढून आले. रोमन भाले एकावर एक धरलेल्या ढालींतून आरपार गेले, टोकं वाकली, ढाली एकमेकींत अडकल्या, डावा हात मोकळा होईना. शेवटी वैतागून त्यांनी ढाली टाकल्या आणि ढालीविना लढले. दुपारी सुरू झालेली लढाई संध्याकाळपर्यंत चालली, आणि एवढ्या वेळात शत्रूची पाठ कुणी पाहिली नाही, असं सीझर लिहितो. नंतर त्यांच्या छावणीत ग्रीक लिपीत लिहिलेल्या याद्या सापडल्या, माणशी नोंद केलेल्या: कोण लढू शकतो, किती मुलं, किती म्हातारे, किती बायका. ही झुंड नव्हे.

म्हणून: 'इम्पेच्युअस' काढून 'नॉर्मल' करा, 'होर्ड' काढून 'स्क्वेअर', आणि मनोधैर्य दोन-तीनने वाढवा. इम्पेच्युअस ठेवायचं तर गेसातींना ठेवा, त्यांना शोभतं.

असं केल्यावर रोमन हरायला लागतील. घाबरून लीजनरीचा अटॅक वाढवू नका, इथेच सगळे घसरतात. त्याच बिब्राक्तेला हेल्वेतींचे साथीदार बोई आणि तुलिंगी बाजूने येऊन धडकले, तेव्हा सीझरने तिसरी फळी वळवून त्यांच्या अंगावर घातली आणि पहिल्या दोन फळ्या समोर लढत राहिल्या. रोमनांची ताकद एकट्या शिपायाच्या मनगटात नव्हती, मागे ताज्या दमाची माणसं उरलेली असण्यात होती. त्यामुळे रोमन सैन्य सुरुवातीलाच तीन ओळींत मांडा, ओळींमध्ये अंतर ठेवा, दमण्याचा वेग दोन्ही बाजूंना सारखा ठेवा आणि गेमला आपोआप घडू द्या.

रथ

सेंटिनमला इ.स.पू. २९५ मध्ये आणि तेलामोनला गॉलांकडे रथ होते. सीझर गॉलमध्ये आठ वर्षं लढला, तिथे त्याला रथ भेटले नाहीत. भेटले ते खाडी ओलांडून ब्रिटनमध्ये गेल्यावर, इ.स.पू. ५५ आणि ५४ ला. बाकीचं सैन्य घरी पाठवल्यावरही ब्रिटनांच्या कॅसिव्हेलॉनस या सेनापतीने सुमारे ४००० रथी जवळ ठेवले होते. तेव्हा गॉलच्या यादीतून रथ काढा आणि ब्रिटनला द्या.

वापरही चुकीचा दाखवतात. गेममधला रथ म्हणजे रणगाडा: फळीत घुसतो, माणसं उडवतो. ब्रिटनचा रथ हलका, दोन घोड्यांचा. आधी मैदानभर फिरत भाले फेकायचे, मग योद्धा उतरून पायी लढणार आणि सारथी रथ मागे नेऊन तयार ठेवणार, गरज पडली की उचलायला. रथाच्या चाकांना लावलेली पाती ब्रिटनमधल्या एकाही उत्खननात निघालेली नाहीत. गेममध्ये उतरण्याची सोय नसेल, तर चार्ज शून्याजवळ आणा, भाल्यांची संख्या वाढवा आणि वेग ठेवा.

मेढेकोट आणि विसरलेले तिरंदाज

गॉलच्या शहराला लाकडी मेढेकोट लावून त्याला आग लावायची, ही माझीही आवडती चाल होती. अव्हारिकम या गॉल शहराचा तट सीझरने बारकाईने सांगितलाय: दोन-दोन फुटांवर आडवी तुळई, आतून मातीचा भराव, बाहेरून मोठे दगड. दगडामुळे आग लागत नाही आणि लाकडामुळे धडकयंत्राने ढासळत नाही. तट ओलांडायला रोमनांनी २५ दिवसांत ३३० फूट रुंद आणि ८० फूट उंच मातीचा उतार रचला. आतले गॉल लोखंडाच्या खाणीत मुरलेले, त्यांनी खालून भुयार खणून तो पेटवला. गेममध्ये गॉलला सुरुंगाची सोय नसेल, तर द्या.

आणि तिरंदाज. गॉलकडे ते नसतातच, असं बरेच मॉड गृहीत धरतात. अव्हारिकम पडल्यावर व्हर्सिंजेटोरिक्सने तिरंदाज गोळा करायला सांगितले, आणि ते गॉलमध्ये पुष्कळ होते, हे सीझरचंच वाक्य. दोन वर्षं आधी नेर्वी टोळीने तापवलेल्या मातीचे गोळे गोफणीतून मारून रोमन छावणीतल्या गवती छपरांना आग लावली होती.

अलेशियाचे आकडे मात्र जपून वापरा. आत ८०,००० आणि बाहेरून मदतीला अडीच लाख पायदळ व ८००० घोडेस्वार, हा हिशोब जिंकलेल्या सेनापतीचा आहे. रोमनांची आतली तटरेषा ११ मैलांची आणि बाहेरची १४ मैलांची. ती कुठल्याच नकाशात मावत नाही, म्हणून मी एकाच बाजूचा तुकडा घेतलाय.

माझा अलेशिया आता चाळीस मिनिटं चालतो. मावसभाऊ सीझर घेऊन दोनदा हरला. एकच गोष्ट अडली आहे: बाहेरून येणारं गॉल सैन्य वायव्येच्या टेकडीखाली खंदकाच्या कोपऱ्यात जाऊन अडकतं आणि तिथेच गोल गोल फिरत राहतं. खंदक दोन टाईल मागे घेऊन पाहिला, उपयोग झाला नाही. उद्या कोपरा पूर्ण बुजवून बघणार आहे.